शिफ्ट सुटली, चला सुशीला!

फिरत्या पट्ट्यावर सुशी वाढायची कल्पना निघाली बिअरच्या कारखान्यातून. योशिआकी शिराइशी नावाचे गृहस्थ ओसाकाला लागून असलेल्या हिगाशी-ओसाकात उभ्याउभ्या खायचं छोटं सुशीचं दुकान चालवायचे. गाव लहानसहान वर्कशॉपांचं, गिऱ्हाईक सगळं कामगार. जेवणाच्या सुट्टीत झुंबड उडायची, वाढायला माणसं पुरायची नाहीत आणि भाव वाढवायची सोय नव्हती, कारण समोरच्याच्या खिशात पगारच तेवढा. एकदा असाही कंपनीच्या बिअर कारखान्यात त्यांनी पट्ट्यावरून ओळीनं सरकत जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि डोक्यात ट्यूब पेटली. बाटल्यांच्या जागी ताटल्या ठेवल्या तर?

ताटल्या ठेवणं सोपं, वळवणं अवघड. कोपऱ्यावर पट्टा वळताना ताटली अडकते, घसरते. शिराइशींची काही वर्षं या खटपटीत गेली आणि १९५८ मध्ये त्यांच्या ‘गेन्रोकु’ सुशीच्या दुकानात पहिला पट्टा फिरला. वेग किती ठेवायचा, हाही प्रश्न होताच. जास्त ठेवला तर मासा वाऱ्यानं सुकतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं. कमी ठेवला तर भुकेलं गिऱ्हाईक वैतागतं. शेवटी जमला तो सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर. दिशा घड्याळाच्या काट्यांची, कारण उजव्या हातात काड्या असल्या की ताटली डाव्या हातानं उचलायला सोयीचं. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात हा पट्टा लोकांनी डोळे विस्फारून पाहिला आणि मग तो जपानभर पसरला.

सायकल टाइम, लाइन बॅलन्सिंग, बॉटलनेक! पिंपरी-चिंचवडमधल्या ज्या वाचकाची हयात लाइनवर गेली, त्याला ही गोष्ट सुशीची वाटणारच नाही. म्हणूनच वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, चाकण या पट्ट्यात कुठं नवं सुशीचं रेस्टॉरंट उघडलं आणि दाराबाहेर ‘हॅपी अवर्स’ची पाटी लागली, तर आपण परके म्हणून आत शिरायचं काही कारण नाही. निम्मा मामला आपल्याच धंद्यातला आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हा खुराक. आणि हो, मराठवाडा-सोलापूरकडून इथं स्थायिक झालेल्या मंडळींनी नाव ऐकून चुरमुऱ्यांच्या सुशीलेची अपेक्षा ठेवू नये.

टेबलावरचा तो काळा-पांढरा चौकोन

बसल्याबसल्या मेनूकार्ड मागाल, तर वेटर टेबलावरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवील. त्या कोडचा जन्म वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात झालेला आहे. १९९४ साली जपानच्या डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या छोट्या चमूनं तो तयार केला. टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या या कंपनीत तेव्हा एकेका खोक्यावर उभ्या रेघांचे कितीतरी बारकोड चिकटवलेले असायचे. एका बारकोडमध्ये मावायची जेमतेम २० अक्षरं. कामगार दिवसभर स्कॅनर मारून मारून मेटाकुटीला यायचे.

हारांना वाट सुचली ती जेवणाच्या सुट्टीत गो हा पटावरचा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळताना. माहिती एकाच दिशेनं कशाला, उभी-आडवी दोन्हीकडे भरू! आज एका कोडमध्ये ७००० हून जास्त आकडे बसतात. पण खरी गंमत त्या तीन कोपऱ्यांतल्या चौकटींत आहे. स्कॅनरला कोड कुठं आहे हे चटकन कळावं, म्हणून छापील मजकुरात सहसा कुठंच न सापडणारी खूण हवी होती. या मंडळींनी मासिकं, पत्रकं, पुठ्ठ्याची खोकी अशी छापील वस्तूंची रास तपासली आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सर्वांत दुर्मीळ प्रमाण शोधून काढलं: १:१:३:१:१. कंपनीनं पेटंट घेतलं, पण वापरावर शुल्क लावलं नाही. तसं झालं नसतं, तर आज भोसरीच्या भाजीवाल्या मावशींच्या पाटीवर यूपीआयचा चौकोन दिसला नसता.

जपानातल्या काही साखळी दुकानांत हाच कोड ताटलीवरही असतो. ताटली पट्ट्यावर किती वेळ फिरतेय याची नोंद यंत्र ठेवतं आणि ठरलेली वेळ संपली की ती आपोआप बाजूला काढली जाते. चाकणच्या स्टोअरमधला माणूस याला ‘फर्स्ट इन, फर्स्ट आउट’ म्हणेल आणि पुढच्या कामाला लागेल. बिलाचीही तीच तऱ्हा. ताटलीचा रंग म्हणजे तिचा भाव. शेवटी रिकाम्या ताटल्यांच्या उतरंडी मोजायच्या, रंगांप्रमाणे गुणाकार करायचा, झालं बिल.

भाताचे मुटके वळणारा यंत्रमानवही जुनाच आहे. सुझुमो या कंपनीनं तो १९८१ मध्ये बाजारात आणला. त्याआधी ही कंपनी मिठाई बनवायची यंत्रं तयार करायची.

आणि पट्टा? तो आता जपानातच मागे पडत चाललाय. २०२३ च्या सुरुवातीला एका पोरानं नामांकित साखळी दुकानात सोया सॉसची बाटली आणि कप चाटून त्याचा व्हिडिओ पसरवला. कंपनीनं ६ कोटी ७० लाख येनांचा दावा ठोकला (पुढं तडजोड झाली) आणि अनेक दुकानांनी उघड्या ताटल्या फिरवणं बंद केलं. आता टॅबलेटवर ऑर्डर द्या, ताटली वेगळ्या रुळावरून सुसाट येऊन तुमच्यासमोर थांबते. म्हणजे साठा करून ठेवायचा नाही, मागणी आली की माल काढायचा. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी जे कारखान्यात आणलं, ते सुशीच्या दुकानात एका टवाळ पोरामुळं आलं.

हॅपी अवर: मुळात बिनदारूचा

अमेरिकी नौदलात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘हॅपी अवर’ नावाचा कार्यक्रम चालायचा. महिनोन्‌महिने समुद्रावर कंटाळलेल्या खलाशांसाठी मुष्टियुद्ध, गाणं-बजावणं, सिनेमा. दारूचा संबंध नाही. १ जुलै १९१४ पासून तर अमेरिकी युद्धनौकांवर दारूला बंदीच झाली. ग्लास आणि सवलत हे नंतर बंदरावरच्या लोकांनी चिकटवलेलं. पुढं काही सरकारांना ते फारच चिकटल्यासारखं वाटलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९८४ मध्ये हॅपी अवर बंद केला, आयर्लंडनं २००३ मध्ये. आयरिश माणसाला स्वस्त बिअर नाही आणि आकुर्डीच्या माणसाला आहे, हा काळाचा महिमा.

आपल्याकडे मात्र ग्लासाला हात लावण्याआधी एक कागद लागतो. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. नाव बदलून तो आता महाराष्ट्राचा झाला, पण दारूबंदी हा शब्द कायम आहे. कायद्याच्या नजरेत राज्यात दारूला बंदीच आहे आणि पिणारा प्रत्येक जण परवान्यापुरता अपवाद आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर लहानपणापासून दिसणाऱ्या ‘परमिट रूम’च्या पाट्या म्हणजे हाच अपवाद रंगवून टांगलेला. परवान्याचा वर्षानुवर्षं चालत आलेला दर दिवसाला ५ रुपये, वर्षाला १०० आणि आजन्म १०००. आयुष्यभर पिण्याची मुभा हजारात, आणि एका सुशीच्या थाळ्याचं बिल त्याहून जास्त! वयाचंही पक्कं आहे: बिअर आणि वाइनला २१, त्यापुढच्या कडक मालाला २५. म्हणजे नुकत्याच नोकरीला लागलेल्या डिप्लोमावाल्या ट्रेनीला व्हिस्कीची ‘एकावर एक’ योजना लागू होत नाही.

वेळ मात्र आपल्या गावाला अगदी फिट्ट बसते. पाटी बहुतेक ठिकाणी दुपारी चारच्या आसपास लागते आणि सात-आठला उतरते. पुण्यातल्या ऑफिसवाल्याला त्या वेळी खुर्ची सोडता येत नाही. पण पहिली पाळी तीन-साडेतीनला सुटते, कंपनीची बस चारच्या सुमारास चौकात सोडते. हॅपी अवर खरा कुणासाठी असेल, तर तो फर्स्ट शिफ्टवाल्यांसाठी! गंमत म्हणजे खुद्द जपानच्या सरकारनं लोकांना दुपारी तीनला घरी पाठवायचा घाट घातला होता. महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी काम लवकर संपवा, बाहेर पडा, पैसे खर्च करा. ‘प्रीमियम फ्रायडे’ नावाची ही मोहीम २४ फेब्रुवारी २०१७ ला वाजतगाजत सुरू झाली आणि जपानी माणूस खुर्चीवरून हललाच नाही. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, हे सरकारी बाबूंना कुणी सांगितलं नसावं.

कोरडे दिवस लक्षात ठेवा. आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, गांधी जयंती. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. अशा गावात हे वेगळं सांगायला नको.

भात शेजारचाच

आता खाण्याकडे वळू. सुशीत मासा महत्त्वाचा, असं आपल्याला वाटतं. सुशीवाले मात्र भाताला मान देतात. मुळात आग्नेय आशियात मासा टिकवण्यासाठी मीठ लावून भातात दाबून ठेवायचे. भात आंबायचा, मासा टिकायचा आणि खाताना भात फेकून द्यायचे! जपानच्या बिवा सरोवराकाठी अजूनही त्या जातीची फुनाझुशी बनते आणि तिचा दरवळ ओळखायला जवळ जावं लागत नाही. पुढं लोकांना धीर धरवेना. आंबण्याची वाट पाहण्याऐवजी भातात शिरका घालून आंबटपणा आणायला लागले. एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, १८२० च्या दशकात हानाया योहेई यानं भाताच्या मुटक्यावर माशाचा काप दाबून हातात द्यायला सुरुवात केली, असं मानतात. तेव्हा सुशी हातगाडीवर मिळायची आणि आकारानंही आजच्याहून बरीच मोठी असायची. आजच्या एसीतल्या मंद दिव्यांखाली बसून तिला ‘फाइन डाइन’ म्हणणाऱ्यांनी तिचं मूळ गाडीवरचं आहे, हे विसरू नये.

सुशीला लागतो आखूड दाण्याचा चिकट तांदूळ. बासमतीचा इथं उपयोग शून्य. तो सुटासुटा राहण्यासाठीच प्रसिद्ध. चिकट तांदळाची चव मात्र मावळाला कुणी शिकवायची गरज नाही. शहराच्या उशाशी वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झालेला इंद्रायणी १९८७ साली प्रसारित झाला. देहू-आळंदीच्या नदीचं नाव घेतलेला हा तांदूळ शिजला की मऊ, चिकट आणि सुवासिक. घरी सुशीचा प्रयोग करायचा असेल आणि आयात तांदळाचा भाव पाहून छातीत धस्स झालं असेल, तर इंद्रायणी पाणी बेतानं घालून शिजवा, कोमट असताना शिरका-साखर-मीठ कालवा. जपानी शेफ नाक मुरडेल. मुरडू द्या.

‘कच्चं असतं ना ते?’

हा प्रश्न प्रत्येक टेबलावर येतो. विचारणाऱ्यानं दहा मिनिटांपूर्वी पाव किलो कोळंबी तळून खाल्लेली असते, पण ते असो.

आधी हे घ्या: सुशीतलं सगळंच कच्चं नसतं. कोळंबी बहुधा उकडलेली. ईल मासा तर सहसा कच्चा देत नाहीत, कारण त्याच्या रक्तात विष असतं आणि ते उष्णतेनं निकामी होतं. लाल-पांढरी ‘क्रॅब स्टिक’ म्हणजे पांढऱ्या माशाचा लगदा. १९७० च्या दशकात जपानात निघालेलं हे सोंग शंभर टक्के शिजवलेलं असतं आणि त्यात खेकडा बहुतेक वेळा नावालाच. टेम्पुरा रोलमधली कोळंबी पिठात बुडवून तळलेली. ही तळायची पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी नागासाकीकडे नेली. त्याच लोकांनी गोव्याला पाव आणि मिरची दिली. दोन्हीकडची जेवणं एकाच गलबतानं बदलली म्हणा ना.

खरोखर कच्चा असतो तो मासा आधी कडाक्याच्या थंडीत ठेवलेला असावा लागतो. जंत मारायचे, तर उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून १५ तास, असा अमेरिकी अन्न प्रशासनाचा दंडक आहे. घरचा फ्रीज तेवढा थंड होत नाही. म्हणून मासळी बाजारातून ताजी सुरमई आणून घरी साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, करायचा मोह टाळा. ताजा मासा आणि कच्चा खाण्याजोगा मासा यांत फरक आहे, आणि सुशीच्या दुकानात जे पैसे मोजतो ते या फरकाचे. रेस्टॉरंटमध्ये मासा कुठून येतो, कधी येतो, हे बेलाशक विचारा. नीट उत्तर आलं तर खा. ‘सर, एकदम फ्रेश!’ एवढंच उत्तर आलं, तर काकडीच्या रोलवर या.

नारिंगी रंगाचा सामन पाहून वाटतं, यापेक्षा जपानी काय असेल! पण जंतांच्या भीतीनं जपानी लोक आपल्याकडचा सामन कच्चा खात नसत. खारवून, भाजून खात. १९८० च्या दशकात नॉर्वेत पाळीव सामनचं उत्पादन वाढत गेलं. १९८५ च्या सुमारास नॉर्वेनं ‘प्रोजेक्ट जपान’ नावाची मोहीम काढली आणि कित्येक वर्षं जपान्यांची मनधरणी केली, की आमचा मासा कच्चा खाऊन तर बघा. आज जपानी पोरं सुशीच्या दुकानात आधी सामन मागतात. विक्री विभागातल्या मंडळींनी ही गोष्ट पाठ करावी. जपान्यांना मासा विकणं हे चितळ्यांना दूध विकण्यासारखंच.

ट्यूनाची कथा उलटी. त्याचा चरबीदार भाग एके काळी टाकाऊ होता. मांजरसुद्धा ओलांडून जाईल, अशी त्याची ख्याती. आणि ५ जानेवारी २०१९ ला टोकियोच्या तोयोसु बाजारात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनांना गेला. किलोला १२ लाख येन! घेणारे सुशी-झानमाई या साखळीचे मालक कियोशी किमुरा. वर्षाच्या पहिल्या लिलावात चढी बोली लावली की टीव्हीवर फुकट जाहिरात होते, हा त्यातला व्यवहार.

शाकाहारी, श्रावणी आणि ‘आज गुरुवार आहे’ मंडळींसाठी

गटात असे दोघे-तिघे असतातच, आणि सुशीवाला त्यांना उपाशी ठेवत नाही. काकडीच्या रोलला कप्पा माकी म्हणतात. कप्पा हा जपानी लोककथांमधला नदीतला खट्याळ जलचर आणि काकडी त्याचा जीव की प्राण. इनारी म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला गोडसर आंबट भात. नवशिक्यानं सुरुवात इथून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सगळ्यांत भारी कानप्यो. गोडसर, तपकिरी, चिवट पट्ट्या असतात आणि चव मुरल्यासारखी लागते. मेनूत वाचून काहीतरी दुर्मीळ जपानी वनस्पती असेल असं वाटतं. तर तो आहे भोपळा, आपल्या दुधीच्याच जातीचा! वनस्पतिशास्त्रात दोघांचं नाव एकच. जपानच्या तोचिगी भागात त्याच्या लांबलचक फिती सोलून उन्हात वाळत घालतात, मग सोया सॉस आणि साखरेत शिजवतात. घरात दुधी दिसला की तोंड वाकडं करणाऱ्या पोरांना कानप्यो माकी खिलवावा आणि ताटली रिकामी झाल्यावर मगच सांगावं.

पक्क्या शाकाहाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगायची. मिसो सूपमध्ये भाजी आणि टोफू दिसला, तरी खालचं पाणी बहुधा दाशीचं असतं आणि दाशीत वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो. मेयोनीजमध्ये अंडं. पिवळाधम्मक गोडसर तुकडा पनीर नव्हे, ऑम्लेट. विचारून घ्या, भारतातल्या रेस्टॉरंटांत शाकाहारी सूप वेगळं करून देतातही.

साशिमीशेजारी पांढऱ्या मुळ्याचा बारीक कीस रचलेला असतो. तो शोभेचा समजून टाकू नका, खायचाच असतो. या मुळ्यावर चिंचवडकरांचा तर खास हक्क आहे. टोकियोच्या असाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला देव शोदेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेलेला गणपती. मूर्ती कायम झाकलेली, दर्शन नाही. आणि या गणपतीला वाहतात मुळा! देवळावर जागोजाग मुळ्याची चित्रं कोरलेली, भक्त हातात पांढराशुभ्र मुळा घेऊन रांगेत, ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव. मोदकाचा वंशजही आहे: कानगिदान, तोंड आवळलेल्या पुरचुंडीसारखा, आत सारण, तेलात तळलेला. मोरया गोसावींच्या गावातल्या माणसानं टोकियोत गेल्यावर सुशी नंतर खावी, आधी तिथं जाऊन यावं.

नाकातला बाण

ताटलीच्या कडेला हिरवी गोळी दिसते ती वसाबी. चटणी समजून अख्खी तोंडात टाकणारा एक वीर प्रत्येक गटात असतो. त्याला आधीच ओळखून ठेवा.

तिखट आणि वसाबी हे वेगळे प्रकार. मिरचीचा जाळ जिभेवर बसतो आणि पाणी प्यायलं तरी हटत नाही. वसाबीतलं रसायन उडून जाणारं, त्यामुळं ते थेट नाकात चढतं, डोळ्यांत पाणी आणतं आणि मिनिटभरात ओसरतं. हेच रसायन मोहरीत असतं. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जी सणक जाते, तीच ही. दोन्हींत ते आयतं नसतं. किसलं किंवा वाटलं, पेशी फुटल्या, की तयार होतं. म्हणून खरी वसाबी टेबलावर किसतात आणि पाव तासाच्या आत तिचा जोर उतरतो.

‘खरी’ म्हणायचं कारण, आपल्या ताटलीतली बहुतेक वेळा खरी नसते. वसाबीची मुळं जपानच्या डोंगरांतल्या थंड वाहत्या पाण्यात वाढतात, महाग असतात. जगभर जी हिरवी गोळी फिरते, ती हॉर्सरॅडिश नावाचं युरोपी मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण. जपानातही सर्रास हेच चालतं, त्यामुळं फसवणूक म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. या सणकेचा उपयोग करून काही जपानी संशोधकांनी वसाबीचा वास फवारणारा आगीचा अलार्म बनवला. झोपलेल्या कर्णबधिर माणसाला तो जागं करतो. त्यांना २०११ चं इग नोबेल मिळालं. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन असेल, तर हे पारितोषिक देतात.

इंग्लंडच्या बाईंनी वाचवलेला रोल

रोलला गुंडाळलेला काळपट कागद म्हणजे नोरी, समुद्री शेवाळ. जपानी शेतकरी शतकानुशतकं ते पिकवत होते, पण बी कुठून येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. उथळ पाण्यात बांबू-जाळ्या रोवायच्या आणि नशिबाची वाट पाहायची. पीक आलं तर आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते बसलंच.

कोडं सुटलं मँचेस्टरमध्ये. कॅथलीन ड्रू-बेकर या शेवाळं अभ्यासणाऱ्या संशोधिकेची विद्यापीठातली नोकरी लग्न झालं म्हणून गेली होती. विवाहित स्त्रियांना नेमायचं नाही, हा तेव्हाचा नियम. बाई बिनपगारी संशोधन करत राहिल्या. नवऱ्यानं प्रयोगासाठी भरती-ओहोटीची टाकी बांधून दिली. १९४९ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की शिंपल्यांच्या आत वाढणारा जो सूक्ष्म गुलाबी जीव वेगळाच समजला जायचा, तो या शेवाळाचंच बालरूप आहे. म्हणजे बी शिंपल्यात! जपानी शास्त्रज्ञांनी हे वाचलं, शिंपल्यांवर रोपवाटिका उभ्या केल्या आणि नोरीची नियमित शेती सुरू झाली. बाई १९५७ मध्ये गेल्या. जपानला त्यांनी कधी पाय लावला नाही. १९६३ मध्ये कुमामोतो भागातल्या उतो इथं नोरी शेतकऱ्यांनी त्यांचं स्मारक उभारलं आणि दर १४ एप्रिलला तिथं त्यांचा उत्सव होतो.

या नोरीशी थोडं घड्याळ लावूनच वागावं लागतं. भाताची वाफ लागली की काही मिनिटांत ती कुरकुरीतपणा सोडते आणि चिवट होते. हॅपी अवरमध्ये तयार थाळे आधीच रचून ठेवलेले दिसले, तर सवलत कितीही असो, ‘आत्ता करून द्या’ म्हणा. आणि आल्यावर आधी फोटो, मग रील, मग खाणं असा क्रम ठेवू नका.

काड्या जमत नाहीत? नकोच!

भाताच्या मुटक्यावर माशाचा काप असलेली सुशी जपानात खुशाल हातानं खातात. काड्यांशी झटापट करून घास सांडण्यापेक्षा हात धुऊन या आणि पाची बोटांनी खा. सोया सॉसमध्ये भात बुडवायचा नाही. तो सॉस पितो आणि विस्कटतो. उलटी करून माशाची बाजू हलकेच टेकवायची. गुलाबी आलं सुशीवर ठेवायचं नाही, ते दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असतं. काड्या वापरल्याच, तर भातात उभ्या खोचू नका. जपानात मृताला वाढलेल्या भातात तशा खोचतात. पिंडाचा भात आपण जेवणाच्या ताटात मांडत नाही, तसंच ते.

जपानशी आपलं नातं आता हॉटेलापुरतं राहिलेलं नाही. आकुर्डीच्या बजाजनं १९८० च्या दशकात कावासाकीचा हात धरला, चाकणला २०१३ पासून ब्रिजस्टोनचे टायर निघताहेत. तिकडं टोकियोच्या एदोगावा वॉर्डात आयटीवाल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि २०१९ मध्ये तिथल्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक महाराष्ट्रातून गेलेले. भारतीय वंशाच्या माणसानं जपानात निवडणूक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्या आईनं तिथं घरगुती भारतीय जेवणाचं रेस्टॉरंटही चालवलं. आपली पोळी तिकडं पोचली, त्यांची सुशी इकडं आली, हिशोब चुकता.

शेवटी घरी जाण्याचं बघा. आपल्याकडे रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, की पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जपानात तर पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर त्याला पाजणारा आणि शेजारच्या सीटवर बसणारा मित्रही गुन्हेगार ठरतो. पिंपरी-चिंचवड महापालिका स्थानकातून थेट स्वारगेटपर्यंत सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो धावतेय. तिच्या वाटेवर राहत असाल तर मेट्रो, नसाल तर रिक्षा. पण हॅपी अवरला निघताना गाडीची किल्ली घरीच ठेवा.